खिडकीतून दिसणारा जिल्हा

आपल्या समाजात विमानप्रवास आता अपूर्वाईचा राहिलेला नाही. लग्नाच्या खरेदीसाठी सुरत-जयपूर, व्यापारासाठी चेन्नई-हैदराबाद, यात्रेसाठी सम्मेद शिखर, मुलांच्या शिक्षणासाठी बंगळूर किंवा त्याही पलीकडे, अशा निमित्तांनी घरातील तिन्ही पिढ्या विमानात बसू लागल्या आहेत. मात्र बसल्यावर आपण काय करतो? तरुण मंडळी खिडकीची झडप खाली ओढून मोबाईलवर चित्रपट पाहतात. व्यापारी गृहस्थ डोळे मिटून उद्याच्या सौद्याचा हिशेब जुळवतात. खिडकीजवळच्या आसनासाठी अनेक कंपन्या आता वेगळे पैसे आकारतात, तेव्हा हिशेबी मनाला प्रश्न पडतो की बाहेर बघण्याचे कसले पैसे द्यायचे?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर हिशेबाच्याच भाषेत देता येईल. आपण व्यापारी माणसे. दृष्टीस पडेल त्या वस्तूचा भाव, दर्जा आणि खप मनात मोजल्यावाचून आपली नजर पुढे सरकत नाही. दहा किलोमीटर उंचीवरून दिसणाऱ्या पृथ्वीवर मात्र विकत घेण्याजोगे काहीच नसते. ते शेत कोणाचे, तो बंगला केवढ्याचा, हे वरून कळत नाही. नजर प्रथमच निव्वळ पाहू लागते. परिग्रहाशिवाय मिळणारे सुख आपल्या वाट्याला फार थोडे येते आणि खिडकीतून बाहेर पाहणे हे त्यांपैकी एक आहे. शिवाय या पाहण्याने आपल्याच परिसराविषयी जी समज येते, ती दुकानाच्या गादीवर बसून सहसा येत नाही.

या खिडकीच्या आकारामागेही एक कथा आहे. जगातील पहिले प्रवासी जेट विमान ‘कॉमेट’ १९५२ मध्ये सेवेत आले. १९५४ च्या जानेवारी आणि एप्रिल महिन्यांत या जातीची दोन विमाने भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. तपासात आढळले की, प्रत्येक उड्डाणात हवेचा दाब वाढतो व उतरतो, त्याने धातू हळूहळू थकतो आणि चौकोनी घडणीच्या झरोक्यांच्या कोपऱ्यांशी हा ताण साठून तेथे तडा जातो. तेव्हापासून विमानाच्या खिडक्यांचे कोपरे गोलाई देऊन घडवले जातात. खिडकीत एकामागे एक असे तीन थर असतात. सर्वांत बाहेरचा थर दाब सोसतो. मधल्या थराच्या तळाशी एक बारीक छिद्र असते. त्यामुळे दाब बाहेरच्या थरावर जातो आणि काचेवर बाष्प धरत नाही. सर्वांत आतला थर केवळ आपल्या हातांपासून मागच्या थरांचे रक्षण करण्यासाठी असतो. उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी सेवक झडप उघडी ठेवायला सांगतात, त्यालाही कारण आहे. काही विपरीत घडल्यास बाहेरची स्थिती तात्काळ दिसावी आणि डोळ्यांना बाहेरच्या उजेडाची सवय असावी, हा त्याचा हेतू.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. तो एका दृष्टिक्षेपात पाहण्याची सोय पूर्वी नव्हती. १ ऑक्टोबर २०१७ रोजी कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे शिर्डीच्या विमानतळाचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झाले आणि ती सोय निर्माण झाली. भाविकांसाठी बांधलेल्या या विमानतळाने जिल्ह्यातील प्रत्येक माणसाला आपली भूमी वरून पाहण्याचीही संधी दिली.

मुंबई ते काकडी अशी सरळ रेष नकाशावर ओढली, तर ती सुमारे १७० किलोमीटर भरते. प्रत्यक्ष विमान नियंत्रकांच्या सूचनेनुसार थोडे इकडेतिकडे वळते, परंतु या रेषेवर काय काय येते ते पाहण्यासारखे आहे. कोकणची सपाटी संपते आणि सह्याद्रीची भिंत उभी राहते. डावीकडे राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई, १६४६ मीटर उंचीचे. उजवीकडे हरिश्चंद्रगड. त्या परिसरातील डोंगरांच्या अंगावर एकावर एक आडव्या पायऱ्या दिसतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्हारसाचे थरावर थर साचून हे पठार घडले, त्याच्या या खुणा. खाली उभे राहिल्यास कडा दिसतो, पण पायऱ्यांची ही रचना इतक्या दूरवर सलग दिसते ती वरूनच.

याच डोंगरांत आपल्या जिल्ह्याच्या दोन नद्या जन्म घेतात. रतनगडाच्या परिसरात प्रवरा आणि हरिश्चंद्रगडाच्या परिसरात मुळा. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण आहे. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचा जलाशय डोंगरांच्या बोटांमध्ये पसरलेला दिसतो. पुढे अकोले, मग संगमनेर. पावसाळ्यात घाटघर-रतनवाडीच्या बाजूला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो आणि पूर्वेकडे नगर शहराच्या परिसरात वर्षाला जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पडतो. हे आकडे आपण शाळेत पाठ केलेले असतात. विमानातून मात्र ते अवघ्या काही मिनिटांत रंगाच्या रूपाने डोळ्यांपुढे उलगडतात. गर्द हिरवा फिका होतो, फिका पिवळसर होतो आणि मग खालची माती उघडी पडते.

त्या उघड्या मातीतच एक विलक्षण दृश्य दिसते. भूमीवर कोणीतरी सावकाश वळणे घेत रेष ओढावी तसा कालवा जातो. पाणी उताराने वाहते, म्हणून कालव्याच्या खालच्या बाजूला ऊस, मका, डाळिंब यांचे हिरवे तुकडे असतात आणि वरच्या बाजूला माळ. दोन्हीकडे पाऊस तेवढाच पडतो आणि दोन्हीकडे राबणारे हातही तसेच. अंतर केवळ एका कालव्याच्या रुंदीचे. एका बांधावरचा शेतकरी पोराला इंजिनिअर करतो आणि पलीकडच्या बांधावरचा उसाच्या तोडणीला जातो, यामागचे कारण त्या रेषेत स्पष्ट दिसते.

हैदराबादहून शिर्डीला येणारी सरळ रेष तर याहून बोलकी आहे. ती बीड जिल्हा ओलांडून पाथर्डी शहराजवळून आपल्या जिल्ह्यात येते. खाली गर्भगिरीच्या डोंगररांगा असतात. या रांगा पाण्याची वाटणी करतात. उत्तरेच्या उतारावरचा थेंब गोदावरीला मिळतो आणि दक्षिणेच्या उतारावरचा सीना-भीमेच्या वाटेने कृष्णेला. उजवीकडे दूरवर नाथसागराचे पाणी चकाकते. पाथर्डीच्या उजाड टेकड्या मागे पडल्या की नेवासे-राहुरीचा सपाट प्रदेश लागतो. ज्या प्रवरेच्या काठी ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तिचे पात्र इथे गोदावरीकडे जाताना दिसते. डावीकडे मुळा धरणाचा जलाशय येतो. त्यापुढे श्रीरामपूर-राहात्याचा ऊसपट्टा आणि हंगामात कारखान्यांच्या धुराड्यांतून निघणारे धुराचे पट्टे. सहकारी साखर कारखानदारीचा पाया जिथे घातला गेला, ते प्रवरानगर याच टापूत. एका बैठकीत, पाणी पिण्याइतक्या वेळात, टँकरची गावे आणि साखरेची गावे नजरेखालून जातात.

वाचकहो, आपल्या समाजासाठी हे दृश्य नुसते रम्य नाही. आपले पूर्वज मारवाडातून, गुजरातेतून या भूमीत आले आणि गावोगावी दुकान मांडून बसले. किराणा, कापड, धान्य, सोने आणि उधारी हा त्यांचा व्यवहार. त्यांनी हा जिल्हा वहीतून ओळखला. अमक्या गावचा अमका, इतकी बाकी, इतक्या दिवसांची. वही खोटे सांगत नाही, पण ती अर्धेच सांगते. बाकी का थकली, हे वहीत लिहिलेले नसते. त्याचे उत्तर बहुधा मातीच्या रंगात असते.

हे अर्धवट ज्ञान किती महाग पडू शकते, याचा धडा आपल्या इतिहासात आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो पाहता पाहता आपल्या जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या तालुक्यांत पसरला. रोष मुख्यतः मारवाडी आणि गुजराती सावकारांवर होता. घरे फोडण्यापेक्षा कर्जरोखे मिळवून ते जाळण्यावर लोकांचा भर होता. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते, सरकारने शेतसारा वाढवला होता आणि पावसाचा भरवसा नव्हता. रोख्यावर मात्र केवळ नाव आणि रक्कम होती. पुढे १८७९ मध्ये शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. त्या घटनेत कोण किती दोषी होता, याची चर्चा अभ्यासकांनी पुष्कळ केली आहे. आपण एवढेच ध्यानात घ्यावे की, कागदावरच्या आकड्यामागची जमीन ज्याने पाहिली, त्याचा तगादा वेगळा असतो आणि सवलतही वेगळी असते. आजही दक्षिण भागातील गिऱ्हाइकाचा हप्ता मार्चऐवजी नोव्हेंबरात ठरवणारा व्यापारी आपल्याला भेटतो. त्याचे वसुलीचे गणित त्याने पावसाशी जोडलेले असते, म्हणून त्याची उधारी बुडत नाही आणि गिऱ्हाईकही तुटत नाही.

खिडकीतून दिसणारा तपकिरी रंग हा भाग्यलेख नाही, हेही याच जिल्ह्याने सिद्ध केले आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजार गावाने डोंगरउतारावर समतल चर खोदले, झाडे राखली, पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली आणि अवर्षणाच्या टापूत पाणी टिकवून दाखवले. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे उदाहरण सर्वांना ज्ञात आहे. निळवंडे धरणाच्या कालव्यांची प्रतीक्षा कित्येक दशकांची होती. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच्या ८५ किलोमीटर लांबीच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले आणि १८२ गावांना लाभ होईल असे सांगितले गेले. येत्या काही वर्षांत संगमनेर-राहात्याच्या कोरड्या पट्ट्यात एक नवी हिरवी किनार उमटते का, हे पाहण्याचा आनंद खिडकीतल्या प्रवाशाला लाभेल. दुष्काळी भागांतील तलावांमधला गाळ काढण्याच्या कामात आपल्या समाजातील संस्थांनीही हात लावला आहे. गाळ निघालेला तलाव आणि त्याभोवतीची शेते वरून पाहिली, तर दान कुठे पोहोचते याचा प्रत्यय येतो.

येथे एका गोष्टीची जाणीव ठेवली पाहिजे. हाच प्रदेश आपल्या साधु-साध्वींनी विमानातून नव्हे, पायांनी पाहिला आहे. आचार्य आनंदऋषीजी महाराज यांचा जन्म १९०० साली पाथर्डी तालुक्यातील चिचोंडी येथे झाला. १९१३ मध्ये त्याच तालुक्यातील मिरी गावी त्यांनी दीक्षा घेतली आणि १९९२ मध्ये नगर येथे देह ठेवला. मधली जवळजवळ आठ दशके ते चालत राहिले. नगर ते पाथर्डी हे सुमारे पन्नास किलोमीटरांचे अंतर विमान चार-पाच मिनिटांत ओलांडते आणि साधूला त्यासाठी काही दिवसांचा विहार करावा लागतो. वाटेतील तापलेली खडी, गोचरीसाठी उघडलेली दारे, गावोगावचे आजारी आणि दुःखी हे सारे त्या चालण्याला ठाऊक असते. खिडकीला यातले काहीच दिसत नाही. उंचीवरून नद्यांचे नाते कळते, माणसाचा चेहरा कळत नाही. म्हणून खिडकीतून मिळालेली समज ही पायी मिळालेल्या समजेच्या शेजारी ठेवण्याची वस्तू आहे, तिच्या जागी ठेवण्याची नव्हे.

श्रावकाच्या आचारातही या उंचीचा विचार आलेला आहे, हे वाचून काहींना नवल वाटेल. पाच अणुव्रतांनंतरच्या दिशा परिमाण व्रतात केवळ पूर्व-पश्चिमेची नव्हे, तर ऊर्ध्व आणि अधोदिशेचीही मर्यादा ठरवायची असते. विमानाचा मागमूस नव्हता त्या काळात आपल्या शास्त्रकारांनी वरच्या दिशेला सीमा घातली. ज्यांनी हे व्रत घेतले आहे, त्यांना आज प्रवासापूर्वी दहा-अकरा किलोमीटर उंचीचा विचार करावाच लागतो.

चौविहार पाळणाऱ्यांसमोर खिडकी आणखी एक कोडे घालते. दहा किलोमीटर उंचीवरून क्षितिज सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर असते. त्यामुळे जमिनीवर सूर्य मावळल्यानंतरही विमानातून तो बारा-पंधरा मिनिटे दिसत राहतो. खाली गावांत दिवे लागलेले असतात आणि वर ताटावर ऊन पडलेले असते. मग सूर्यास्त कोणता धरायचा? याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या गुरुमहाराजांना विचारून करावा. घरातील ज्येष्ठ मंडळी मात्र बहुधा सावधपणाचा मार्ग धरतात आणि खालच्या गावाच्या वेळेनुसार पाण्याची बाटली बाजूला ठेवतात. त्यानंतरचा तो जादा सूर्य केवळ पाहण्यासाठी उरतो आणि त्यावेळी तो अधिकच सुंदर दिसतो.

खाली ढगांचा थर असेल आणि सूर्य आपल्या विरुद्ध बाजूला असेल, तर खिडकीतून एक दुर्मीळ दृश्य पाहायला मिळते. ढगांवर विमानाची सावली पळत असते आणि तिच्याभोवती सप्तरंगी वलय उमटलेले असते. तीर्थंकरांच्या प्रतिमेमागील भामंडलाची आठवण यावी, असे ते वलय. ढगांतील सूक्ष्म जलबिंदूंवरून प्रकाश उलट फिरून आपल्याकडे येतो, त्यामुळे ते दिसते. त्यातील मर्म असे की, त्या वलयाचे केंद्र पाहणाऱ्याच्या स्वतःच्या जागेवर असते. पुढच्या रांगेतील प्रवाशाला ते सावलीच्या पुढच्या भागाभोवती दिसते, मागच्या रांगेतील प्रवाशाला मागच्या भागाभोवती. प्रत्येकाला वाटते, तेज माझ्याच आसनाभोवती आहे, आणि कोणाचेही पाहणे खोटे नसते. अनेकान्ताचा पाठ पाठशाळेतील मुलांना समजावताना हे उदाहरण अवश्य द्यावे. मुले ते विसरणार नाहीत.

आता थोडे व्यवहाराचे. विमानात ‘ए’ अक्षराचे आसन डाव्या खिडकीजवळ असते. मुंबईकडून शिर्डीला येताना कळसूबाई डावीकडे, तर हरिश्चंद्रगड उजवीकडे राहतो. हैदराबादकडून येताना नाथसागर पाहायचा असेल तर उजवी बाजू आणि मुळा धरण पाहायचे असेल तर डावी बाजू घ्यावी. पंख्याची छोटी विमाने कमी उंचीवरून जातात आणि त्यांचे पंख खिडकीच्या वर असतात, म्हणून त्यांतून जमीन अधिक स्पष्ट दिसते. पंख खाली असलेल्या मोठ्या विमानात पंखांच्या पुढचे अथवा बरेच मागचे आसन निवडावे. पर्युषणाच्या सुमारास भूमी हिरवी असते, परंतु ढग आड येतात. दिवाळीनंतर आकाश निवळते, धरणे भरलेली असतात, ऊस उभा असतो. आणि एकदा तरी एप्रिल-मे महिन्यात पाहावे, कारण पाण्याचा अभाव केवढा असतो हे तेव्हाच दिसते.

आसनाचे जादा पैसे घरातील सर्वांत लहान आणि सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीसाठी खर्च करावेत. लहानग्याच्या हाती घरून जिल्ह्याचा नकाशा द्यावा आणि गोदावरी, प्रवरा, मुळा, सीना ही नावे त्याच्याकडून म्हणवून घ्यावीत. आजी-आजोबांना त्यांचे गाव कोणत्या नदीच्या कोणत्या बाजूला होते, विहिरीला पाणी किती महिने पुरत असे, बहात्तरच्या दुष्काळात दुकान कसे चालले, हे तेव्हाच विचारावे. खाली ती भूमी दिसत असताना त्यांना जे आठवेल, ते घरी दिवाणखान्यात बसून आठवणार नाही. उतरल्यावर वही उघडाल, तेव्हा थकबाकीच्या यादीतील गावांपुढे एक बारीक खूण करून ठेवा, कालव्याच्या खालचे की वरचे. पुढच्या वसुलीला ती उपयोगी पडेल.